वैमानिकाचा परवाना गेला, तर पुढे कोण? कंपनीचे छत्र आणि स्वतःचा विमा : डेक्कन एअरवेजपासून आजपर्यंत

१/
विमान अपघातानंतर प्रवाशांच्या वारसांना किती भरपाई मिळाली, याच्या बातम्या आपण वाचतो. पण वैमानिक जगला आणि पुन्हा कधीच उडू शकला नाही, तर त्याचे पुढे काय होते? किंवा अपघात झालाच नाही, केवळ हृदयाच्या तपासणीत दोष निघाला आणि परवाना गेला, तर? या प्रश्नाला जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या मराठवाड्यातून जातो. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
नायगाव, बिलोली, देगलूर, नांदेड, लातूर हा सारा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, स्वतःचे चलन होते आणि १९४५ पासून स्वतःची विमान कंपनीही होती : डेक्कन एअरवेज. निजाम सरकार आणि टाटा यांची ही भागीदारी. मुख्य तळ बेगमपेठ. प्रवासी विमाने चालवणाऱ्या भारतातील पहिल्या महिला वैमानिक प्रेम माथुर यांना, इतर कंपन्यांनी नकार दिल्यानंतर, १९४७ मध्ये याच कंपनीने नोकरी दिली.

३/
पण आधी थोडे मागे जाऊ. आजारी वा जायबंदी कारागिराला सांभाळायचे कोणी, हा प्रश्न विमानाहून फार जुना आहे. आपल्या गावगाड्यात सुताराला खळ्यावर मिळणारे बलुते त्याच्या हातांपेक्षा त्याच्या वतनाशी अधिक बांधलेले होते. सुताराचा हात जायबंदी झाला, तर भाऊ वा मुलगा काम करी आणि घराचा हक्क टिकून राही. हे संरक्षण जातीच्या चौकटीत बंदिस्त होते, म्हणून त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र हक्क व्यक्तीच्या शरीराला न जोडता दुसऱ्या कशाला तरी जोडला, की तो शरीर मोडल्यावरही उरतो, एवढे ध्यानात ठेवू.

४/
आधुनिक काळात हा हक्क नोकरीला जोडला गेला. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८४ साली कामगार अपघात विम्याचा कायदा झाला, ब्रिटनमध्ये १८९७ साली मालकावर भरपाईची जबाबदारी टाकणारा कायदा आला. हैदराबाद संस्थानानेही १९०७ मध्ये आपल्या सरकारी नोकरांसाठी विमाव्यवस्था सुरू केली. तेलंगणा सरकारचा कर्मचारी विमा विभाग आपला उगम आजही त्या वर्षापर्यंत नेतो. म्हणजे मालकाने नोकराच्या संकटाची तरतूद करावी, ही कल्पना निजामाच्या राज्याला नवी नव्हती.

५/
ब्रिटिश भारतात यासंबंधीचा मूळ कायदा म्हणजे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याचे सूत्र साधे होते : कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यायची, मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. पण ‘कामगार’ कोणाला म्हणायचे, याला मर्यादा होत्या. महिना तीनशे रुपयांहून अधिक वेतन असलेला नोकर त्यात बसत नसे. शिवाय ब्रिटिश भारताचा कायदा संस्थानांत आपोआप लागू होत नसे.

६/
दुसरीकडे खासगी विम्याचा व्यवसायही वाढत होता. दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये मुंबईत न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स स्थापन केली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले आणि टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली. १९४६ मध्ये न्यू इंडियाने विमानविम्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. मात्र विमानविमा म्हणजे प्रामुख्याने यंत्राचा, मालाचा आणि प्रवाशांप्रतीच्या जबाबदारीचा विमा. वैमानिकाच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यात सुटत नव्हता.

७/
हा प्रश्न केवळ भारताचा नव्हता. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ ते १९२७ या काळात स्वतःची हवाई टपालसेवा चालवली, तीत तीसहून अधिक वैमानिक मरण पावले. अशा माणसाचा विमा कोण आणि कोणत्या हप्त्यावर उतरवणार? १९३१ मध्ये अमेरिकेतील आणि १९३७ मध्ये ब्रिटनमधील वैमानिकांच्या संघटना उभ्या राहिल्या. वेतन आणि कामाचे तास यांबरोबरच सदस्यांसाठी सामूहिक विमा हेही पुढे अशा संघटनांचे काम झाले. मालकाचे छत्र आणि व्यक्तीची पॉलिसी यांमधला हा तिसरा मार्ग.

८/
आता नागपूर. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत परत जात. काही काळ ही सेवा डेक्कन एअरवेजनेही चालवली. महायुद्धातून उरलेली डाकोटा विमाने, रात्रीचे उड्डाण, तुटपुंजी उपकरणे : जोखीम उघड होती.

९/
१२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे झेपावलेले डाकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. १४ पैकी १३ जण मृत्युमुखी पडले, वाचला तो केवळ वैमानिक. त्याआधी चारच महिने, १ ऑगस्ट १९५३ रोजी, देशातील विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाल्या होत्या. म्हणजे ज्या वैमानिकांना एका मालकाने नेमले होते, त्यांच्या सुखदुःखाचा हिशेब आता दुसऱ्या मालकाकडे होता.

१०/
या संक्रमणाची तरतूद १९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्यात होती. १ जुलै १९५२ पूर्वी जुन्या कंपनीत लागलेला आणि हस्तांतराच्या दिवशी सेवेत असलेला कर्मचारी त्याच वेतनावर आणि त्याच सेवाशर्तींवर महामंडळाकडे आला. मात्र पुढे एक वाक्यांश होता : महामंडळ या शर्ती रीतसर बदलेपर्यंत. मालकाने दिलेल्या संरक्षणाचा सारा स्वभाव या वाक्यांशात दिसतो. ते खरे असते, उपयोगी असते, पण त्याची किल्ली मालकाच्या हाती असते.

११/
येथे वैमानिकाच्या धंद्याचे वेगळेपण समजून घ्यावे लागेल. कारकुनाला मधुमेह झाला तर तो कारकून राहतो. वैमानिकाला मात्र वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणीतून जावे लागते. दृष्टी, श्रवण, हृदय, रक्तदाब, मेंदू, मन यांपैकी कशातही ठरावीक मर्यादेबाहेरचा दोष निघाला, की परवान्यावर उड्डाण करता येत नाही. चालता-बोलता, धडधाकट दिसणारा माणूस एका दिवसात आपल्या धंद्यापुरता अपंग ठरतो. इंग्रजी राजवटीतल्या भरपाई कायद्याने कल्पिलेले अपंगत्व हे नव्हे. तेथे हात तुटावा लागतो.

१२/
हात तुटल्याचाच एक खटला भारतीय कायद्यात मैलाचा दगड ठरला : प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, सर्वोच्च न्यायालय, १९७५. एका सुताराचा डावा हात अपघातानंतर कोपराजवळ कापावा लागला. हे अंशतः अपंगत्व आहे, असे मालकाचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसासाठी हे पूर्ण अपंगत्व होय. अपंगत्व शरीराच्या टक्केवारीवर न मोजता त्या माणसाच्या धंद्यावर मोजायचे, हे तत्त्व सुताराच्या निमित्ताने प्रस्थापित झाले. वैमानिकाला नेमके हेच तत्त्व हवे असते.

१३/
मग वैमानिक या कायद्यात आले का? आले, पण फार उशिरा. वेतनाची मर्यादा १९८४ मध्ये रद्द झाली आणि १९९५ च्या दुरुस्तीने विमानाचा कप्तान व इतर कर्मचारी यांचा स्पष्ट समावेश झाला. दार उघडले, पण आतले छत फार ठेंगणे. भरपाई मोजताना वेतन किती धरायचे यावर कमाल मर्यादा आहे : २०१० मध्ये ८,००० रुपये, जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये.

१४/
हिशेब करून पाहू. वय ४०, कायमचे पूर्ण अपंगत्व. सूत्र असे : वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. चाळिशीचा गुणक १८४.१७. म्हणजे ९,००० × १८४.१७ = १६,५७,५३० रुपये. खरे वेतन महिन्याला काही लाख असले तरी रक्कम हीच. शिवाय ती मिळण्यासाठी इजा कामामुळेच झालेली असली पाहिजे. घरी असताना हृदयविकार जडला आणि परवाना गेला, तर हा कायदा मूक राहतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी सामावल्या गेल्या, तरी गाभा तोच आहे.

१५/
ही पोकळी भरण्यासाठी विमान कंपन्या ‘परवाना गमावण्याचा’ गटविमा घेतात. त्याचे फायदे मोठे आहेत. हप्ता कंपनी भरते. गटात असल्याने प्रत्येकाची कसून वैद्यकीय छाननी बहुधा होत नाही, म्हणून आधीपासून थोडा रक्तदाब असलेल्यालाही छत्र मिळू शकते. तात्पुरती अपात्रता आली तर ठरावीक प्रतीक्षाकाळानंतर दरमहा रक्कम आणि कायमची आली तर एकरकमी पैसे, अशी सर्वसाधारण रचना असते. वय वाढते तशी एकरकमी रक्कम अनेकदा घटत जाते. मनोविकार, मद्य वा अमली पदार्थ यांमुळे गेलेला परवाना बहुतेक वेळा वगळलेला असतो.

१६/
पण या विम्याचा पॉलिसीधारक कंपनी असते, वैमानिक नव्हे. पॉलिसी किती रकमेची, कोणत्या अटींची, पुढच्या वर्षी चालू ठेवायची की नाही, हे कंपनी ठरवते. आणि कंपनीच बुडाली तर? किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. नोकरी संपली की गटातले स्थान संपते. पंचेचाळिशीत, शरीर कुरकुर करू लागलेल्या वयात, माणूस विमा बाजारात नव्याने उभा राहतो. त्याच्या नव्या अर्जावर जुना आजार ‘पूर्वीपासूनचा’ म्हणून नोंदला जातो.

१७/
स्वतः घेतलेली पॉलिसी याच्या उलट वागते. ती माणसाबरोबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाते. हप्ता भरत राहिले, तर अटी एकतर्फी बदलण्याचा अधिकार मालकाला नसतो. पण हप्ता स्वतःच्या खिशातून जातो आणि प्रवेशाच्या वेळी आरोग्याची खरी माहिती द्यावी लागते. ती लपवली, तर दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून ही पॉलिसी तरुण आणि निरोगी असतानाच स्वस्त पडते, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा तिची गरज कोणालाच वाटत नाही.

१८/
भारतात आणखी एक अडचण आहे. सर्वसामान्य माणसाला सहज मिळतो तो वैयक्तिक अपघात विमा. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सर्व कंपन्यांना विकायला लावलेली ‘सरल सुरक्षा बीमा’ हीदेखील त्याच घराण्यातली. तीत अपघाती मृत्यू आणि अपघाताने आलेले अपंगत्व यांची तरतूद आहे. अपस्मार किंवा हृदयविकार यामुळे परवाना गमावणारा वैमानिक तीत बसत नाही. म्हणून केवळ ‘माझा विमा आहे’ हे वाक्य पुरेसे नाही. पॉलिसीतील अपंगत्वाची व्याख्या ‘कोणतेही काम’ अशी आहे की ‘स्वतःचा धंदा’ अशी, ते पाहावे लागते. सुताराचा खटला येथे पुन्हा आठवावा.

१९/
राज्यसंस्था स्वतः मालक असते तेव्हा चित्र वेगळे दिसते. ऑगस्ट २०२० मध्ये कोझिकोड येथे अपघातात मृत्यू पावलेले, नागपूरच्या साठे कुटुंबातील कॅप्टन दीपक साठे आधी हवाई दलात होते. त्यांच्या आप्तांनी सांगितल्यानुसार तेथे असताना एका अपघातात त्यांच्या डोक्याला गंभीर इजा झाली होती आणि सहा महिने रुग्णालयात काढून ते पुन्हा उड्डाणास पात्र ठरले. सैन्यात असा अधिकारी बरा होईपर्यंत सेवेत राहतो, त्याला जमिनीवरचे काम देता येते आणि सेवेमुळे आलेले अपंगत्व २० टक्के वा अधिक असेल तर निवृत्तिवेतनाचा अपंगत्वाचा भाग मिळू शकतो. एकरकमी धनादेश आणि दरमहा येणारी रक्कम यांतला फरक कुटुंबाला चांगला कळतो.

२०/
नागरी विमानसेवेत हा प्रश्न करोनाकाळात पुन्हा ऐरणीवर आला. ७ मे २०२० पासून वंदे भारत मोहिमेत वैमानिकांनी परदेशी अडकलेल्यांना परत आणले. दुसऱ्या लाटेत काही वैमानिकांचा मृत्यू झाला. जून २०२१ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स ही संघटना मृतांच्या वारसांना भरपाई, विमाछत्र आणि लसीकरणात प्राधान्य या मागण्यांसह मुंबई उच्च न्यायालयात गेली. कामावर असताना जडलेला रोग हा ‘अपघात’ आहे का, हा १९२३ च्या कायद्यातला जुना प्रश्न शंभर वर्षांनी नव्या वेषात उभा होता.

२१/
मालकीची साखळी एकदा सलग पाहा. निजाम आणि टाटा, १९४५. हैदराबाद संस्थान भारतात विलीन, १९४८. इंडियन एअरलाइन्स, १९५३. एअर इंडियात विलीनीकरण, २००७. पुन्हा टाटा, जानेवारी २०२२. १९४७ साली बेगमपेठेत विशीत रुजू झालेला वैमानिक आपल्या हयातीत यांतले निम्मे बदल पाहू शकला असता. शरीर तेच, परवाना तोच, मालक मात्र पुन्हा पुन्हा नवा. मालकाने दिलेले छत्र वाईट असते, असा याचा अर्थ नाही. हप्ता आणि छाननी या दोन्ही बाबतींत ते सहसा सरस ठरते. पण ते नोकरीच्या आयुष्याइतकेच जगते, आणि परवान्याची गरज नोकरीहून दीर्घ असते.

२२/
हा विषय आज आपल्याकडे का महत्त्वाचा? नांदेड आणि लातूर येथे विमानतळ आहेत. नायगाव-नरसी परिसरातल्या मुलामुलींनाही वैमानिक होण्याची स्वप्ने पडतात. प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात, घर वा शेत तारण ठेवून कर्ज काढले जाते. या काळात कोणताही मालक नसतो, म्हणजे मालकाचे छत्रही नसते. कर्ज मात्र असते. परवाना मिळण्यापूर्वीच किंवा पहिल्या दोन वर्षांत तो गेला, तर हप्ते थांबत नाहीत, तारण ठेवलेली जमीन धोक्यात येते.

२३/
म्हणून इतिहासातून निघणारे चार प्रश्न, नोकरी वा पॉलिसी स्वीकारण्यापूर्वी विचारण्याजोगे. पॉलिसी कोणाच्या नावावर आहे? अपंगत्व म्हणजे अवयव जाणे की परवाना जाणे? आजाराने गेलेला परवाना धरला आहे की केवळ अपघाताने गेलेला? नोकरी सुटल्यावर काय उरते? ज्याला शक्य आहे त्याने मालकाच्या गटविम्यावर विसंबून न राहता, निरोगी असतानाच, स्वतःच्या नावावर काहीतरी ठेवावे. दोन्ही असणे ही चैन नाही. दोहोंची कामे वेगळी आहेत.

२४/
शेवटी एक विनंती. मराठवाड्यातल्या अनेक घरांत निजामकाळातील विमापत्रे, फसली सालाच्या नोंदी, रेल्वे वा विमान कंपनीची नेमणूकपत्रे जुन्या पेट्यांत पडून आहेत. रद्दीत देऊ नका. सेवाशर्तींचा इतिहास राजपत्रांपेक्षा अशा कागदांत जास्त सापडतो. तुमच्या घरात कोणी निजाम स्टेट रेल्वेत वा डेक्कन एअरवेजमध्ये नोकरीला असेल, तर त्यांच्या आठवणी खाली जरूर लिहा. थ्रेड उपयोगी वाटला, तर वैमानिक होऊ पाहणाऱ्या एखाद्या मित्रमैत्रिणीपर्यंत पोहोचवा.